आईसाहेबांचं कुरण

पाव्हणं, ओढ्याकाठचं हे हिरवं कुरण बघताय ना? कमानीवर लिहिलंय, ‘इनामदारांच्या उदार देणगीतून’. त्यावर जाऊ नका. देणगी कसली! हे कुरण एका म्हातारीच्या जिवावर मोकळं झालंय.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. इनामदारानं आपल्या घोड्यांसाठी हे मऊ गवत काटेरी कुंपण घालून अडवलं आणि धनगरांची मेंढरं वरच्या माळावर हाकलली. तिथं नुसती कुसळं. ती हिरड्यांत रुतली, जबडे सुजले, पू धरला, पुढचे दात हलून पडले. समोर गवत असून मेंढ्यांना चावता येईना. तेव्हा यानं काय करावं? हुकूम काढला म्हणे, ‘दात पडलेलं जनावर माझ्या हद्दीत दिसायला नको. कापून टाका.’ तोंडं सडली याच्यापायी, आणि मरायचं मेंढरांनी!

बयाजा नावाची एक धनगरीण होती. जबडा सुजलेली आपली मेंढी खांद्यावर घेऊन ती थेट इनामदाराच्या सोप्यात शिरली. तो आईशेजारी जेवायला बसला होता. आईसाहेबांच्या तोंडात एकही दात नव्हता. सून त्यांना दूधभात कुस्करून भरवत होती.

बयाजानं मेंढीचं तोंड उघडून धरलं. “दात गेले म्हणून कापायचं, तर सरकार, आधी आपल्या आईसाहेबांचं तोंड बघा!”

नोकर तिच्यावर धावले. आईसाहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि ताट सारलं. “हिच्या पोटात कुरणाचं गवत जाईस्तोवर माझ्या तोंडात घास नको.”

आईसाहेब कुरणाच्या कुंपणाबाहेर त्या मेंढीपाशी जाऊन बसल्या. मेंढीला बयाजा ज्वारीची पेज पाजत राहिली. आईसाहेबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. लेकाला वाटलं, भूक लागली की उठेल म्हातारी. ती उठली नाही. आई गेल्यावर मग हा रडत कुंपण उपटायला धावला! त्यानं जिथनं काटा उपटला, तिथं पुन्हा काटा उगवला नाही म्हणे. बयाजानं कोवळं गवत दगडानं ठेचून मेंढीला भरवलं, आणि ती जगली.

आजही पावसाळ्यानंतर कुरण मोकळं करताना दात पडलेली मेंढी सगळ्यांच्या आधी आत जाते. तिला ठेचलेलं गवत गावातली सगळ्यांत म्हातारी बाई भरवते. इनामदारांच्या घरातला कर्ता पुरुष तोवर बाहेर अनवाणी उभा असतो. ऊन असो, पाऊस असो, पोट भरून मेंढी तोंड फिरवेपर्यंत त्याला कुणी ‘बसा’ म्हणत नाही.