हिरव्या फुलांची बिअर

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. शब्द साधेच आहेत, पण गोष्ट मनापासून सांगतो आहे.

एका डोंगरी गावात हैबती नावाचा एक चाखणारा राहत होता. त्या गावात घरोघर हॉपच्या वेली होत्या. त्यांची हिरवी फुलं टाकून लोक जवाची बिअर करत. एरवी सुकवलेली फुलं वापरत; पण सुगीत मात्र वेलीवरून उतरवलेली फुलं त्याच दिवशी हंड्यात पडत. त्या बिअरचा वास जेमतेम महिनाभर टिके. म्हणून सारं गाव वर्षभर तिची वाट पाही. गावाची रीत अशी, की हैबतीनं घोट घेऊन मान डोलावली, तरच तो हंडा जत्रेला जायचा. तो नाही म्हणाला, की ओढ्यात.

हैबतीची बायको साळू फार छान बिअर करायची. ती वारली, तेव्हा तिनं खुडलेली शेवटची मूठभर फुलं त्यानं पुरचुंडीत बांधून गळ्यात घातली. आठवण दाटून आली, की तो पुरचुंडी नाकाशी धरी. पुढं सुगीतही प्रत्येक घोटाआधी ती हुंगू लागला. त्याला वाटे, एखाद्या घोटात साळू पुन्हा भेटेल. ती भेटत नसे. "कच्ची आहे. नुसता पाला," एवढंच तो म्हणे. दोन सुग्या गेल्या, एकही हंडा जत्रेला गेला नाही. काहींनी तर वेली तोडून बटाटे लावले.

तिसऱ्या सुगीत शेजारची ठकू हंडा घेऊन आली. बाई एकटी, त्या वेलींवरच तिचं पोट.

"काका, यंदाही ओढ्यात गेला, तर वेली उपटून खाली मजुरीला जाईन," ती म्हणाली.

"जिभेला खोटं बोलता येत नाही, पोरी." हैबतीनं सवयीनं पुरचुंडी नाकाकडे नेली.

"जिभेचं राहू द्या, नाकाचं बोला. ही फुलं कधीची?"

"साळूच्या हातची."

"म्हणजे वाळून कोळ झालेली. मग माझी ताजी फुलं पालाच वाटणार की! अहो, काकू सुगीची बिअर काय वाळल्या फुलांची करत होत्या?"

चाखणं बघायला जमलेली माणसं हसली. साळूची बिअर कशी लागायची, ते आठवायला हैबतीनं मात्र डोळे मिटले, तर आला तो पुरचुंडीचाच वास. जिला जपायचं म्हणून हुंगत होता, तिचीच चव तो हुंगून हुंगून पुसत आला होता.

तरी पुरचुंडी काढायला हात धजेना. काढली, आणि साळू कायमची गेली तर? ठकू हंड्यावर हात ठेवून उभी राहिली. अखेर त्यानं गाठ सोडली. पुरचुंडी लांब दगडावर ठेवली, ओढ्यावर जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ वाऱ्यात उभा राहिला. मग घोट घेतला.

आधी लिंबाचं पान चुरगळल्यासारखा वास आला. मग कडवट, जिभेवर रेंगाळणारी हिरवी चव. आणि एकदम आठवलं, साळूचा पहिला घोटही असाच हिरवा असायचा. "कच्ची आहे गं," तो म्हणायचा. "सुगीची आहे, सुगीसारखीच लागणार!" ती ठणकावायची.

ही साळूची नव्हती. ही ठकूची होती, आणि चांगली होती. हैबतीचे डोळे भरून आले. त्यानं मान डोलावली. "जत्रेला ने, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरोघर गेला. ज्यांचे हंडे ओढ्यात ओतायला लावले होते, त्यांच्या दारात उभा राहून म्हणाला, "यंदाची केली असेल, तर एक घोट द्या. आज नीट चाखतो."

तात्पर्य: गेलेल्या माणसाची ओढ मनात जपावी, पण तिच्या मापानं आजच्या माणसाचं काम मोजू नये. तसं केलं, तर समोरचं माणूस दुरावतं आणि गेलेलंही हरवतं.