वेशीवरचा नारळ

एका गावाला आपल्या वाजंत्र्यांचा भारी अभिमान होता. सनई, तिला साथ देणारा सूर, संबळ, झांजा आणि तुतारी असा तो ताफा. दिवाळी सरली की तो जत्रांच्या हंगामाला बाहेर पडायचा आणि चैत्रात परत यायचा. हंगामाच्या शेवटी राजाच्या गावी सगळ्या मुलखातले ताफे वाजवायचे. जो सरस ठरेल त्याला मानाचा शेला मिळायचा. हा शेला वर्षानुवर्षं याच गावाला मिळत आला होता, कारण पुढं सटवाजीची सनई असायची.

गावही काही कमी नव्हतं, हे आधी सांगायला हवं. वाजंत्री बाहेर असले की त्यांची शेतं गाव नांगरायचं. त्यांच्या घरी पीठ संपलं तर शेजारीण सुपात घालून आणून द्यायची. मात्र गावाची एक जुनी रीत होती. मुलूखभर फिरून आलेली वाद्यं एकदम आत न्यायची नाहीत. पाटलांनी वेशीवर येऊन नारळ फोडायचा, गावानं गुलाल उधळायचा, मग वाद्यांनी वेस ओलांडायची.

एका वर्षी हंगामाच्या तोंडावर सटवाजी राखमाजी पाटलांकडे गेला. त्याला खोकल्यानं धरलं होतं. आता दम पुरत नाही, या वर्षी पुतण्याला, भिकूला पुढं करू, असं तो म्हणाला. पाटलांनी ऐकलं नाही. गावानंही ऐकलं नाही. म्हातारा उगीच आढेवेढे घेतोय, असं सगळे म्हणाले. निघताना पाटील थट्टेनं म्हणाले, “सटवाजी, शेल्याशिवाय आलास तर वेशीवरनंच परत लावीन हं.” सगळे हसले. सटवाजीही हसला. पण ते बोलणं त्यानं मनात बांधून नेलं.

आणि व्हायचं तेच झालं. राजासमोर वाजवताना म्हाताऱ्याला उबळ आली आणि सनई मधेच तुटली. शेला दुसऱ्या ताफ्याला गेला. ही बातमी वाजंत्र्यांच्या आधी गावात पोहोचली. वाईट बातमीला पाय लवकर फुटतात.

ताफा वेशीपाशी आला तेव्हा डोक्यावर ऊन होतं. वेशीत चिटपाखरू नव्हतं. दरवर्षी सटवाजीला खांद्यावर घेऊन नाचणारे दाराआडून बघत होते. पाटील निघाले की आपण निघू, असं जो तो म्हणत होता. पाटील मात्र ओसरीवर पान जुळवत बसले होते. या वर्षीही शेला आपलाच, असं ते दहा गावांत सांगून बसले होते. आता त्यांना तोंड दाखवायची चोरी झाली होती.

सटवाजी वेशीच्या भिंतीला टेकून बसला. अंगात ताप होता. तात्या, तुम्ही घरी चला, वाद्यांपाशी मी बसतो, असं भिकूनं परोपरीनं विनवलं. म्हाताऱ्यानं सनई छातीशी धरली.

“सनई बाहेर ठेवून मी आत गेलो, तर आत गेलं कोण म्हणायचं?” तो म्हणाला.

मग तुळसाआक्का नावाची एक विधवा घागर घेऊन आली. तिनं त्याला पाणी पाजलं, त्याच्या कपाळाला हात लावला आणि तशीच तरातरा पाटलांच्या ओसरीवर गेली. म्हातारा तापानं फणफणलाय, नारळ तेवढा फोडा, म्हणून तिनं पदर पसरला.

“हरून आलेल्यांना नारळ?” पाटील म्हणाले. “उन्हं उतरू दे, मग बघू. थोडी लाज वाटू दे त्यांना.”

हे तिनं वेशीवर कसं सांगायचं? तिनं नुसतं एवढंच सांगितलं, की पाटील येताहेत. सटवाजीनं ते ऐकून फेटा नीट केला. तो वाटेकडे डोळे लावून बसला. उन्हं उतरली. दिवेलागणीला भिकूनं हाक मारली, तेव्हा त्याचे डोळे वाटेकडेच होते, पण त्यात जीव नव्हता.

मग काय! सगळं गाव धावलं. जी माणसं दिवसभर चार पावलं आली नव्हती, ती वेशीवर ऊर बडवून रडली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय म्हणायचं? प्रेत घरी नेलं. पाटलांना तर स्वतःची लाज लाज वाटली. सकाळी सगळ्यांच्या आधी तेच आले, प्रेताच्या पायाशी बसले आणि भिकूला म्हणाले, वाजतगाजत न्यायचं, सगळ्या गल्ल्यांतून न्यायचं, असा मान कुणाला मिळाला नसेल. खर्च माझा.

भिकूनं मान वर केली नाही.

“वाजवलं असतं, पाटील,” तो म्हणाला. “पण वेशीवर नारळ फुटला नाही. वाद्यं अजून गावाबाहेरच आहेत.”

पाटील नारळासाठी उठू लागले, पण भिकूनं हात आडवा केला. ज्याच्या सनईवर गावातलं प्रत्येक लग्न लागलं, तो सटवाजी त्या गल्ल्यांतून मुक्यानं गेला. ऐकू आला तो नुसता पावलांचा आवाज.

भिकू आणि त्याचे सोबती कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी वेशीवरची वाद्यं उचलली, नदीपलीकडच्या गावी नेली आणि तिथंच बिऱ्हाडं केली. तिथल्या लोकांनी शेला विचारला नाही.

राखमाजी पाटील पुढं पुष्कळ जगले. दरवर्षी चैत्रात ते सोललेला नारळ घेऊन वेशीवर जात. कुणी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी जात. दिवेलागणीपर्यंत उभे राहत. नदीपलीकडून सनई ऐकू येई. मग नारळ तसाच घेऊन ते घरी परत येत.

तात्पर्य: जिंकून आलेल्याला खांद्यावर कुणीही घेतं, हरून आलेल्याला जो वेळेवर घरात घेतो, तोच त्याचा. ती वेळ टळली, की मग केलेला मान मेलेल्याच्या कामाचा नाही आणि जिवंतांनाही परत आणत नाही.