लाकडाच्या पोटातली टेक

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथं येसबा नावाचा बंदुका घडवणारा कारागीर राहायचा. काय हात होता हो त्याचा! त्यानं सांधा बसवला, की त्यातून केससुद्धा जायचा नाही.

एकदा नदीकाठच्या गावात बिबट्या माणसं उचलू लागला. गावच्या कमळू शिकाऱ्यासाठी येसबानं खिट्टी ओढून गोळी भरायची नवी बंदूक केली, खांद्याला टेकवायच्या शिसवी लाकडावर, म्हणजे दस्त्यावर, वेलबुट्टी कोरली. आता बार उडाला, की बंदूक मागे उसळते. तो धक्का लाकडानं झेलावा म्हणून नळीच्या बुडाखाली एक लोखंडी टेक असते, ती दस्त्याच्या खाचेत बसते. बाहेरून दिसतही नाही. येसबानं ती आपल्या सवयीनं चारी बाजूंनी घट्ट बसवली.

निशाण्यावर बार काढले, तर गोळ्या जराशा इकडेतिकडे जात होत्या. कमळू म्हणाला, चालेल की, बिबट्या काय चिमणीएवढा असतो? पण येसबाला ते पटेना. त्यानं नळी दस्त्यातून उचलली, टेकेला काजळ फासलं आणि नळी पुन्हा दाबून बसवली. काळं लागलं ते खाचेच्या तळाला आणि पुढच्या बाजूला. धक्का घेणाऱ्या मागच्या भिंतीला लागलं ते फक्त एका कोपऱ्यात. सगळा मार तिथंच बसत होता आणि तिथं लाकडाला बारीक चीर गेली होती.

येसबाला स्वतःचाच राग आला. चीर मेणानं बुजवली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"अजून कुणी नदीवर जाऊ नका," तो म्हणाला. "ही बंदूक अशी मी देणार नाही."

गाव भडकलं. कमळूची बायको शेवंता तर त्याला नाही नाही ते बोलली. येसबानं सगळं ऐकून घेतलं आणि नवा, साधा दस्ता हाती घेतला. जुनी टेक काढून जाड, सपाट पाठीची निवडली. काजळ लावायचं, दाबायचं, काळं उमटेल तेवढंच तासायचं. असं करत त्यानं टेकेची पाठ लाकडाला अख्खी टेकवली आणि बाकी बाजूंना कागदभर फट सोडली, म्हणजे ती दुसरीकडे कुठं अडायला नको. घट्ट सांध्यांसाठी नावाजलेल्या माणसानं फट सोडली, बरं का! किती जड गेलं असेल त्याला.

मग ती बंदूक घेऊन कमळू नदीवर गेला. पहिली गोळी बिबट्याच्या खांद्यात बसली, तरी तो अंगावर आला. कमळूनं खिट्टी ओढून दुसरी झाडली. ती नेम धरला तिथंच लागली आणि जनावर त्याच्या पायाशी कोसळलं.

नवरा-बायको तडक येसबाकडे आले. आम्हाला थांबवलंत ते कशासाठी, दाखवा तरी, असं शेवंता म्हणाली. येसबानं नळी उचलून खालची टेक दाखवली.

"एवढीशी?" शेवंता म्हणाली, आणि नवऱ्याचा हात धरून रडायला लागली.

म्हणून लहानथोरहो, जिथं खरा भार पडतो, तिथलं काम कुणी पाहणार नसलं तरी चोख करावं, आणि चुकलं तर पुन्हा करावं.