झुबकीचा बदाम आणि बंद फाटक

एक होती खार. शेपटी झुबकेदार, म्हणून नाव झुबकी.

गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. जागेला फाटक. फाटकाला कुलूप. झुबकी गजांमधून आत जायची. आत तिनं एक बदाम पुरला होता.

एक दिवस पाहते तर काय, बदामावर ढीग! विटांचा, फरशांचा, मोडक्या बादल्यांचा. भिंतीवरून कुणीतरी टाकलेला.

झुबकीनं उकरलं. खुर खुर खुर. वीट हलेना.

बाहेर भिंतीला टेकून फावडं उभं होतं. झुबकी गेली टुणुक टुणुक.

“फावड्या, फावड्या, ढीग उपस ना.”

“मी नाही उपसणार. आधी फाटक उघडू दे.”

झुबकी गेली टुणुक टुणुक.

“फाटका, फाटका, उघड ना.
फावडं उपसेना,
माझा बदाम मिळेना.”

“मी नाही उघडणार. आधी कुलूप निघू दे.”

झुबकी चढली सुर्र सुर्र.

“कुलपा, कुलपा, निघ ना.
फाटक उघडेना,
फावडं उपसेना,
माझा बदाम मिळेना.”

“मी नाही निघणार. आधी तात्यांना किल्ली देऊ दे.”

तात्या पायरीवर पेपर वाचत होते. किल्ली त्यांच्या खिशात. झुबकी गेली टुणुक टुणुक.

“तात्या, तात्या, किल्ली द्या ना.
कुलूप निघेना,
फाटक उघडेना,
फावडं उपसेना,
माझा बदाम मिळेना.”

“मी नाही देणार. आधी गल्लीची बैठक होऊ दे.”

“कधी होणार?”

“होईल. चार वर्षं होणारच आहे.”

बैठकीची सतरंजी मालूआजींच्या गॅलरीत गुंडाळून पडली होती. झुबकी गेली टुणुक टुणुक.

“सतरंजी, सतरंजी, पसर ना.
तात्या किल्ली देईनात,
कुलूप निघेना,
फाटक उघडेना,
फावडं उपसेना,
माझा बदाम मिळेना.”

“मी नाही पसरणार. आधी जागा मिळू दे.”

“जागा कुठे असते?”

“गल्लीत एकच आहे. फाटकाच्या आत.”

झुबकीनं फाटकाकडे पाहिलं. फाटकानं कुलपाकडे पाहिलं. कुलपानं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पेपरचं पान उलटलं.

फाटकाच्या गजाला नाक लावून जुई उभी होती. चार वर्षांची. तिला रोज एकच प्रश्न. आत काय आहे?

“जुई, जुई, काहीतरी कर ना.
सतरंजी पसरेना,
तात्या किल्ली देईनात,
कुलूप निघेना,
फाटक उघडेना,
फावडं उपसेना,
माझा बदाम मिळेना.”

जुई म्हणाली, “मग फाटकाबाहेर पसरू.”

तिनं सतरंजी ओढत आणली. सर्र सर्र. सतरंजी पसरली.

“रस्त्यात कुठे बैठक होते का?” तात्या म्हणाले.

“होते. बसा,” जुई म्हणाली.

मालूआजी बसल्या. जुईची आई बसली. तात्याही बसले. गुडघा वाजला, कट्.

“जागा उघडायची का?” आईनं विचारलं.

“उघडा की,” मालूआजी म्हणाल्या. “नको कोण म्हणतंय?”

नको कुणीच म्हणेना. झाली बैठक.

तात्यांनी किल्ली दिली.
कुलूप निघालं, खट्ट.
फाटक उघडलं, कर्रर्र.
आईच्या हातात फावडं आलं. फावडं उपसू लागलं, खचाक खचाक.

ढिगात काय निघालं? एक चप्पल. एक कानतुटका कप. आणि सगळ्यात खाली?

बदाम!

झुबकीनं तो तिथंच फोडला. कुटुर कुटुर कुटुर.

विटांचा झाला कट्टा. बादल्यांत लावला पुदिना. फरशांवर जुईनं काढले खडूचे मासे.

झुबकीनं कोपऱ्यात नवा बदाम पुरला. आता,
ढीग कुणी टाकेना,
कुलूप कुणी लावेना,
मुलं खेळ थांबवीनात,
आणि कट्ट्यावर बसलेले तात्या
काही केल्या घरी जाईनात.