कोपऱ्यातलं पिवळं झाड

नदीकाठच्या एका गावात लिंबाजी नावाचा पानमळेकरी राहायचा. पानमळा म्हणजे विड्याच्या पानांच्या वेलींचा मळा. लिंबाजीचा मळा असा, की भर दुपारी आत शिरलं तरी गार वाटावं. आत जायचं तर चपला बांधावर काढायच्या, मग तो पाटील असो की पाटलाचा पाहुणा. रोज सकाळी लिंबाजी अंगठ्याला लोखंडी नखी चढवायचा आणि एकेक वेल तपासत निघायचा. कुठं पिवळं पान दिसलं, की त्याच्या काळजात धस्स व्हायचं. ते नखीनं खुडायचं, वेलीच्या बुडाशी खत म्हणून पेंड घालायची, वर पाणी सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बघायचं, हा त्याचा नेम. विड्याच्या पानाला हा नेम शोभूनही दिसायचा. तिथं पान हेच पीक.

घरात माणसं दोनच. तो आणि त्याची थोरली बहीण चिमाक्का. आईबाप लवकर गेले, तेव्हा आक्कानंच त्याला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं नावसुद्धा काढलं नाही. आता ती थकली होती आणि तिला एक वाईट दुखणं जडलं होतं. पायात गोळे यायचे. आले की पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या. आक्का ओरडायची नाही. घोंगडीचं टोक दातात धरून, डोळे मिटून पडून राहायची. ते बघून लिंबाजीचा जीव कासावीस व्हायचा.

या दुखण्यावर उतारा एकच, गावच्या वैद्यबुवांचं चाटण. जरासं जिभेवर ठेवलं की हळूहळू पाय सैल पडायचे आणि आक्काचा डोळा लागायचा. ते चाटण भांगेच्या फुलांचं. भांग म्हटल्यावर लगेच हसू नका! शिवरात्रीला थंडाई ढोसून खांबाशी गप्पा मारणारे वेगळे. वैद्यबुवांनी राजाची परवानगी काढून देवळामागं एक वाफा राखला होता, तो निव्वळ औषधापुरता. त्या झाडांना शेंड्याशी फुलांचे तुरे यायचे. चाटणाला लागायचे ते तुरे. पानांचा वैद्यबुवांना काही उपयोग नव्हता.

एका वर्षी दसरा झाला आणि वैद्यबुवांना राजधानीहून बोलावणं आलं. राणीसाहेबांचे दिवस भरत आले होते. इकडं वाफ्यातली झाडं नुकती कुठं फुलावर येत होती. ती कुणाच्या हाती द्यायची? गावात लिंबाजीइतका जपणारा माणूस दुसरा नव्हता.

"लिंबाजी, एवढं सांभाळ बाबा," वैद्यबुवा निघता निघता म्हणाले. "फुलावर आली की पेंड बंद. पाणी बेतानं. बाकीचं झाड आपलं आपण करतं. आक्काच्या बरणीत तळाला थोडंच चाटण उरलंय. ही फुलं हाती आली तरच तिचं पुढचं वर्ष निभेल."

"जिवापाड सांभाळतो, वैद्यबुवा," लिंबाजी म्हणाला.

आणि त्यानं खरोखरच जिवापाड सांभाळलं. सगळी गडबड झाली ती त्यामुळंच.

आधी काही दिवस बरे गेले. लिंबाजी पानमळ्यात काढायचा तशा इथंही चपला बांधावर काढायचा आणि झाडाझाडांतून फिरायचा. मग एका सकाळी त्याला बुडाजवळची पानं पिवळी पडलेली दिसली. एका झाडाची, मग दुसऱ्याची, मग रांगेतल्या सगळ्यांचीच. लिंबाजीचा चेहरा खर्रकन उतरला. वैद्यबुवा गेले काय आणि झाडांना रोग लागला काय! आता आक्काचं कसं व्हायचं? बरणी तर संपत आली.

"पेंड बंद" हे शब्द त्याच्या कानात होते. नव्हते असं नाही. पण तो मनाशी म्हणाला, "वैद्यबुवांनी सांगितलं ते चांगल्या झाडांसाठी. आजारी झाडाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय?" झालं. त्यानं घरून पेंडीचं पोतं आणलं. अंगठ्याला नखी चढवली आणि पिवळी पानं खुडून टाकली. बुडाशी ओंजळ ओंजळ पेंड घातली. वर पाट भरून पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी आणखी पिवळी दिसली, तेव्हा आणखी घातली. तो त्या झाडांच्या अगदी हात धुऊन मागे लागला.

आणि गंमत म्हणजे गुण आला! पिवळेपणा थांबला. झाडं काळीभोर हिरवी झाली, नवी पानं फुटली, वाफा असा दाटला की आत ऊन शिरेना. लिंबाजी हरखून गेला. घरी येऊन म्हणाला, "आक्का, काय वाफा झालाय म्हणून सांगू! एक पिवळं पान दाखव आणि पाहिजे ते माग."

आक्का चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, "आणि फुलं कशी आहेत रे?"

"येतील गं! पानं बघशील तर..."

आक्कानं चुलीत लाकूड सारलं. तिला वाटलं, भाऊ एवढा खूश आहे, तर सगळं ठीकच असणार.

एकच झाड मात्र लिंबाजीला दाद देत नव्हतं. वाफ्याच्या टोकाला कुंपणापाशी जमीन उंच होती. तिथं पाटाचं पाणी चढायचं नाही, त्यामुळं घातलेली पेंडही तशीच कोरडी पडून राहायची. त्या झाडाची खालची पानं पिवळी झाली, मग मधली झाली, मग गळायला लागली. लिंबाजीला ते झाड डोळ्यांपुढं नको झालं. पानमळ्याचा एक रिवाज असतो. रोगट वेल उपटून टाकायची, म्हणजे बाकीचा मळा वाचतो. बिचाऱ्याला वाईट वाटत होतं, पण शेवटी त्यानं मन घट्ट केलं. "जाऊ दे. एकापायी सगळी नको जायला," म्हणाला आणि एका सकाळी ते झाड उपटायला निघाला.

त्याच सकाळी आक्काच्या पायात गोळे आले. तिनं बरणीत बोट घातलं, कडेनं फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. ओसरेपर्यंत ती घोंगडी दातात धरून पडून राहिली, मग काठी घेऊन उठली आणि थांबत थांबत देवळामागं आली. औषध नाही तर नाही, निदान फुलं तरी डोळ्यांनी बघावीत, एवढंच तिच्या मनात होतं.

बघते तर लिंबाजी कुंपणापाशी वाकलेला आणि दोन्ही हातांनी एक पिवळं झाड बुडाशी धरलेलं.

"अरे लिंब्या, थांब! काय करतोयस?"

"रोगट आहे गं आक्का. उपटतोय."

आक्का जवळ आली. झाडाला धरून तिनं श्वास घेतला आणि तिचं लक्ष शेंड्याकडं गेलं. शेंड्याला मुठीएवढा तुरा होता. फांदीफांदीला तसेच तुरे, भरलेले, बोटांना चिकटणारे. आणि वास तर असा, की आक्कानं तो लगेच ओळखला. बरणीचं झाकण काढलं की हाच वास यायचा.

"लिंब्या, तुझी ती हिरवी झाडं दाखव बघू," ती म्हणाली.

लिंबाजीनं तिला रांगेत नेलं. आक्कानं दाट पानं बाजूला सारली. आत तुरे होते, पण किडकिडीत, जेमतेम करंगळीएवढे. दोन-चार तुऱ्यांवर करडी बुरशी धरली होती. ऊन नाही, वारा नाही, सदा ओल. धरणारच! लिंबाजीनं दुसरं झाड उघडून बघितलं, तिसरं बघितलं. मग तो तिथंच मातीत बसला.

"आक्का, मी तुझं औषध नासवलं गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "पण ती पिवळी पडत होती. माझ्याच्यानं बघवेना."

आक्का काठी टेकून त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई गेली तेव्हा तू केवढा होतास, आठवतं?" ती म्हणाली. "घरात भाकरी एक व्हायची. माझ्या ताटातली उचलून मी तुझ्या ताटात टाकायची. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, पोरगी वाळत चाललीय, हिला काही झालंय. मला काही झालं नव्हतं रे. तू वाढत होतास."

लिंबाजीनं वर बघितलं. कुंपणापाशी ते झाड उभं होतं, खालून पिवळं, वरून फुलांनी लवलेलं. मग त्यानं आक्काच्या हातांकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं ते हात नीट बघितलेच नव्हते.

त्या दिवसापासून त्यानं पेंड बंद केली. पाटाचं तोंड मातीनं बुजवलं. बुरशीचे तुरे काढून लांब नेऊन पुरले आणि दाट पानं विरळ केली. हळूहळू ती झाडंही खालून पिवळी पडू लागली. रोज एक-दोन पानं गळायची. लिंबाजीचा हात सवयीनं नखीकडं जायचा. मग तो नखी कमरेला खोचायचा आणि नुसता बसून राहायचा. पेंड घालण्यापेक्षा हे बसणं त्याला जड गेलं. आक्काला गोळे येतच होते, आणि आता चाटणही नव्हतं. तो तिचे पाय शेकायचा, चोळायचा आणि पुन्हा वाफ्यावर येऊन बसायचा.

वैद्यबुवा परतले. वाफा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"लिंबाजी, मी तुला फुलं राखायला सांगितली होती. तू पानं राखलीस."

"होय, वैद्यबुवा. चूक माझी आहे," लिंबाजी म्हणाला. "आयुष्य पानात गेलं. पानाच्या वरती बघायचं सुचलंच नाही."

वैद्यबुवांना त्याच्यावर रागावणं जमलं नाही. त्यांनी तुरे काढले. कोपऱ्यातल्या एकट्या झाडाचे चांगले टोपलंभर निघाले. बाकी साऱ्या वाफ्याचे मिळून जेमतेम तेवढेच. सुकवून, कुटून, तुपात शिजवून चाटण केलं. दरसाल काठोकाठ भरणारी बरणी या वर्षी अर्धीच भरली. "बेतानं घ्यावं लागेल, पण निभेल," वैद्यबुवा म्हणाले. लिंबाजीनं बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणली. त्या दुपारी आक्काच्या तोंडातून घोंगडीचं टोक आपोआप सुटलं आणि तिचा डोळा लागला.

संध्याकाळी लिंबाजीनं स्वतः चूल पेटवली आणि भाकऱ्या थापल्या. वाकड्यातिकड्याच झाल्या. त्यातली बरी होती ती त्यानं आक्काच्या ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि करपलेली आपल्याकडं ओढली. आक्काच्या हाताची सवय काही जाईना. तिनं आपली अर्धी भाकरी मोडून त्याच्या ताटाकडं सरकवली.

लिंबाजीनं ती उचलून परत तिच्या ताटात ठेवली.

"आक्का, मी वाढलो गं आता," तो म्हणाला. "आता तू जेव."

तात्पर्य: दुसऱ्याला फुलवताना जो सुकतो, त्याला रोगी समजून उपटू नये. त्यानं काय दिलं हे ओळखावं, आणि आपण फुललो की त्याच्या ताटात आधी वाढावं.