हैबतीची फजिती

फार फार वर्षांपूर्वी, बायका नदीवरून पाणी आणता आणताच म्हाताऱ्या व्हायच्या त्या काळात, चिंचखडीत हैबती नावाचा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो शिवारभर फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता, असं म्हणतात. त्यामुळे स्वारी कायम ताठ्यात.

एका दुष्काळात पाटलाच्या घरामागचं उंबर तेवढं हिरवंगार राहिलं. हैबतीने नारळ बाहेरसुद्धा काढला नाही. "हितंच खणा," म्हणाला. गाव अर्धपोटी खणत राहिलं आणि खाली लागला काळा फत्तर. उंबर जगलं होतं ते पाटलाच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर! गावाने हैबतीची गाढवावरून धिंड काढली.

तो घराबाहेर पडेना. त्याची बायको सगुणा घागर उचलता उचलता म्हणाली, "तोंड लपवून पाणी लागंल व्हय? माझी मान मोडायची येळ आली."

ते त्याला लागलं. तो गावोगाव फिरला आणि प्रत्येक वेशीत आधी सांगू लागला, "न्हाणीच्या पाण्याला फसलेला पाणाड्या तो मीच." लोक पोट धरून हसायचे. मग हसून झालं की हळूच बाजूला घेऊन काट्याकुट्यांनी झाकलेली आपली कोरडी विहीर दाखवायचे. कुठला दगड दगा देतो, ते हैबती अशा विहिरींत उतरून शिकला.

परत आला तेव्हा सगुणा नव्हती. नदीच्या वाटेवर घागरीसकट कोसळली होती. हैबती पाटलाच्या घरामागच्या त्या कोरड्या विहिरीत उतरला आणि ओरडला, "मी चुकलो! माझ्या ताठ्यानं ती गेली!" तेव्हा फत्तराला घाम फुटला, असं म्हणतात. ओल ज्या अंगाने आली, त्या अंगाला वर येऊन त्याने एकट्याने नवी विहीर खणली. पाणी लागलं.

पूजा पाटलाने केली आणि नावही पाटलाचंच लागलं. कोरडी विहीर तेवढी हैबतीची राहिली. मरताना तो सांगून गेला, "नवी विहीर खणायच्या आधी हितं उतरा. आपली चूक मोठ्यानं बोला. फत्तर पाझरंल."

चिंचखडी अजून ही रीत पाळते. विहीर खणायची असली की सगळं गाव वाजतगाजत येतं, नारळ फोडतं, काठावरूनच वाकून ओरडतं, "हैबती चुकला!" आणि पोटभर हसून घरी जातं.

फत्तर कोरडाच आहे.