केरबा नावाचं गोंदण

"पुसतं का नाही, तेवढंच सांगा आक्का. बाकी काही सांगू नका."

जालिंदर घाडग्यानं शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली आणि उजवा दंड म्हातारीच्या नाकापुढं धरला.

दंडावर तीन अक्षरं होती. जुनी, हिरवट पडलेली. केरबा.

बायाक्कानं दंडाकडं बघितलं नाही. ती सुया बांधत होती. तीन सुया, एका दोऱ्यात.

जत्रेत बांगडीवाल्यांच्या रांगेमागं, लिंबाखाली तिचं पोतं अंथरलेलं असायचं. चाळीस वर्षं तीच जागा. लोक गोंदायला यायचे आणि जाता जाता मनातलं काहीबाही विचारायचे. ती थोडं गोंदायची आणि त्याहून थोडं बोलायची.

"माझ्याच हातचं हाय," ती म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"सुई आत काळं ठिवून येती. भाईर येताना काय घिऊन येत न्हाई."

"म्हणजे पुसत नाही?"

"न्हाई."

जालिंदरनं मिशीवरून हात फिरवला. नाही ऐकायची त्याला सवय नव्हती. तालुक्याला ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान, गळ्यात साखळी, दारात जीप. आणि या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे शाहीर केरबा मांगलेकर रसिक मंडळाचं अध्यक्षपद. बारा वर्षं दुसरा कुणी उभाच राहिला नव्हता. शाहिराचा कार्यक्रम कुठंही असो, पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची जालिंदरची.

"आता अध्यक्षाला हे नाव नको झालं?" बायाक्कानं विचारलं.

"तुम्ही मोबाइल बघत नाही वाटतं."

"मला सुईचं भोक दिसना झालंय. मोबाइल कुठला बघू?"

मग त्यानं सांगितलं.

शाहीर पंचाहत्तरीला आला होता. गळा उतरला, तशी जीभ चढली. वर्षाकाठी एकदा तरी माइकवर काहीतरी वाकडं बोलायचं, ते गावोगाव फिरायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला दुप्पट गर्दी व्हायची. म्हाताऱ्याला हे चांगलं कळलं होतं.

आठ दिवसांपूर्वी त्याचा सत्कार झाला. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि शाहीर बोलला, "माझं बैलगाडीचं गाणं तुमच्या फार आवडीचं. त्यात ‘आई’ म्हणताना माझा सूर खाली घसरतो. तीस वर्षं घसरतोय. आणि ही बहिरी जनावरं नेमकी तिथंच टाळ्या कुटतात."

समोर मंडळ बसलं होतं. झाडून सगळं.

"आम्हाला म्हणाला!" जालिंदरचा आवाज चिरकला. "बहिरी जनावरं! आम्हाला! स्वतःच्या खिशातून डिझेल घालून त्याच्या मागं गावं पालथी घातली, त्यांना!"

"मग आता काय करायचं ठरवलंया?"

जालिंदरनं पिशवीतून बाटली काढून पोत्यावर ठेवली.

"आज पाचला इथंच गाणार आहे तो. स्टेजवर चढून तोंडाला काळं फासायचं. मंडळाचा ठराव झालाय. फासायचं अध्यक्षानं."

"मग दंडाचं काय मधीच?"

तो तोंड फिरवून बोलला, "काल बैठकीत एक जण म्हणाला, अध्यक्ष, फासणार खरं, पण कुठल्या हातानं? आणि सगळी फिदीफिदी हसली."

बायाक्काही हसली. तिला पुढचे दोनच दात होते. ते दोन्ही दिसले.

"हसू नका आक्का. पाचच्या आत हे नाव गेलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून मला गावात तोंड दाखवायला जागा नाही."

तिनं बाटली उचलून हलवून बघितली.

"कसलं काळं हे?"

"पेंट आहे. घासला तरी चार दिवस हलायचा नाही."

"चार दिवस…"

ती एवढंच म्हणाली. मग पहिल्यांदा तिनं त्याचा दंड हातात घेतला आणि अंगठ्यानं ती तीन अक्षरं चोळली. बावीस वर्षांचं काळं. तसंच होतं.

"पुसायचं न्हाई," ती म्हणाली. "झाकता येईल. नावावर काहीतरी मोठं काढायचं."

"सिंह काढा."

"सिंहाला काळं लय लागतं."

"लागू दे."

वाटीत दिव्याची काजळी होती. तिनं तिच्यात पानाचा रस पिळला आणि बोटानं खलायला बसली. घाई तिला नव्हतीच. जालिंदर घड्याळ बघत होता. जीप रस्त्याला उभी होती. आत मंडळाचे पाच जण, घोषणा पाठ करत बसलेले.

"ह्याच्या आधी केरबा कधी कुणाला काय बोललाच न्हवता का?" खलता खलता तिनं विचारलं.

"बोलायचे की. स्वभावच तसला."

"हलगीवाल्या म्हादूला काय म्हणाला हुता?"

"…बैल. हाकला की चालतो, म्हणाले होते."

"तवा तू काय केलंस?"

"तेव्हा? हसलो. सगळेच हसले. विनोद होता तो आक्का."

"आन् सुंदराला? त्याच्या मागं उभी ऱ्हाऊन झील धरायची ती."

जालिंदरनं आवाज खाली आणला.

"फुटका डबा म्हणाले."

"मग?"

"मग काय…"

"मग?"

"शिट्टी मारली."

दुसऱ्याला लागलं की विनोद, आपल्याला लागलं की अपमान. असली माणसं मंडळं काढतात आणि ठराव करतात.

सुंदराबाई त्या शिट्टीनंतर पुन्हा स्टेजवर चढली नव्हती. ती तिथंच चार पावलांवर बसली होती, बांगड्या भरत. एका सासुरवाशिणीची मूठ तिनं हातात धरली होती, बोटं दाबून दाबून बांगडी वर सरकवत होती. तिनं मान वर केली नाही.

जालिंदरला ती दिसली. त्यानं बसल्या जागी मांडी बदलली.

"त्या गोष्टीला तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "सोडा ते. तुम्ही सिंह काढा."

"दंड इकडं कर."

तिनं सुया काजळीत बुडवल्या आणि मध्येच थांबली.

"माझ्या इथं एक नेम हाय. सुई चालती तवर गाणं चाललं पायजे. ध्यान गाण्यात ऱ्हातं, मग दुखत न्हाई. पयलं मी म्हणायची. आता दम पुरत न्हाई. तू म्हण."

"मला नाही गाता येत."

"बारा वर्सं अध्यक्ष हुतास न्हवं? काय केलंस मग? नुसता खुर्चीत बसलास?"

जालिंदर काही बोलणार होता. तेवढ्यात सुई दंडात गेली.

"आई गं!"

"ते गाण्यात म्हण."

दुसरी टोच. तिसरी. जालिंदरनं दात आवळले, डोळे मिटले. सुई अंगात असताना माणूस गाणं निवडत बसत नाही. जे तळाशी असतं ते वर येतं. त्याच्या तोंडून आलं,

"घाट उतरली बैलगाडी, वळून बघती लेक…
मागं राहिली आई, तिचा हात दिसतो एक…"

गळा जाडाभरडा, पण सूर सोडत नव्हता. ‘आई’वर आला आणि आवाज खाली उतरला. अलगद. पायरी नसताना पाय पडावा तसा.

सुई थांबली.

"चुकलास," बायाक्का म्हणाली.

जालिंदरनं डोळे उघडले. "कुठं?"

"आई म्हणताना. घसरलास. वर पायजे."

"नाही. तसंच आहे ते."

"वर पायजे रं."

"आक्का, तसंच आहे!" तो ओरडला. बांगड्या भरायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. "वर घेतलं तर मग त्या गाण्यात राहिलं काय? तिथं आवाज खालीच जातो. मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे! हजार वेळा ऐकलंय, हजार वेळा तिथं…"

तो थांबला.

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आता पोचलं.

सुयांच्या टोकावर काजळीचा थेंब जमत होता. तो खाली पडला.

"मला वाटायचं…" जालिंदर म्हणाला. त्याचा आवाज आता अध्यक्षाचा नव्हता. "मला वाटायचं, तिथं त्यांना रडू येतंय."

बायाक्कानं सुया वाटीच्या काठावर टेकवल्या.

"थोरल्या ताईला सासरी लावून दिली त्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात ही कॅसेट चालू होती. मी दहा वर्षांचा. घरात सगळी म्हणत होती, पुरुषाच्या जातीनं रडायचं नसतं. एसटी सुटली आणि हे ‘आई’ आलं. मी म्हणालो, एवढा मोठा शाहीर रडतोय, मग मी रडलो तर काय बिघडलं? उसाच्या गाडीमागं जाऊन रडलो. पोटभर."

त्यानं नाक ओढलं.

"आणि आता हा म्हणतो, सूर गेला होता. नुसता सूर! रडबिड काही नाही!"

"तू रडलास त्ये खरं का?"

"खरं."

"मग झालं की गाणं."

चार पावलांवरून आवाज आला. सुंदराबाईनं मान वर केलीच नव्हती. ती बांगडीशीच बोलत असावी तसं बोलली.

"तो तिथं घसरायचा पयल्या दिसापास्नं. मागं आमी झील वर धरली असती, तर त्याचं उघडं पडलं असतं. म्हणून मीबी त्याच्यासंगं खाली जायची. रोज. तवाच तुमास्नी ते गोड लागायचं."

आणि सासुरवाशिणीला म्हणाली, "मूठ सैल सोड गं बाई. काय मारायचं हाय का कुणाला?"

जालिंदरच्या दंडावर रक्ताचा एक बारका थेंब आला होता. सिंहाचे चारपाच ठिपके झाले होते, नावाच्या वर. अजून त्यांना ना आयाळ होती ना तोंड.

रस्त्यावरून जीपचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा.

"अध्यक्ष! चला की! म्हातारा चढला स्टेजवर!"

पलीकडं हलगी कडाडली. माइकवर खाकरल्याचा आवाज आला. सगळी जत्रा तिकडं सरकायला लागली.

बायाक्कानं सुया पुढं केल्या.

"काढू का सिंह?"

जालिंदरनं दंडाकडं बघितलं. मग सुंदराबाईकडं बघितलं. ती दुसऱ्या हाताला बांगड्या भरत होती. त्यानं बाही खाली ओढली.

"हळद तर लावू दे," बायाक्का म्हणाली. "नायतर सुजंल."

त्यानं पुन्हा बाही वर केली. तिनं ठिपक्यांवर हळद दाबली आणि दंड सोडला. तो उठला, चपला घातल्या आणि दोन पावलं चालून गेला. बाटली आणि पिशवी पोत्यावरच राहिली होती.

"ए अध्यक्ष!"

तो वळला. बायाक्कानं बाटली त्याच्या पिशवीत घालून पिशवी त्याच्यापुढं धरली.

"हे तुझं हाय. माझ्या पोत्यावर नको."

"तुम्ही मला अडवणार नाही?"

"मी गोंदते. अडवायचं काम माझं न्हवं."

त्यानं पिशवी घेतली. हॉर्न आता थांबायलाच तयार नव्हता. पाचही जण जीपमधून खाली उतरले होते. एकानं झेंडा काढला होता, दुसरा हात वर करून गर्दीला आवाज देत होता, "अध्यक्ष येतायत! वाट द्या!"

गर्दीनं खरंच वाट दिली. सरळ स्टेजपर्यंत.

जालिंदर पुन्हा पोत्याकडं वळला.

"आक्का," तो म्हणाला, "माइक माझ्याच हातात देतील मंडळवाले. दोन हजार माणूस आहे. काय सांगू त्यांना?"

बायाक्का सुया फडक्यानं पुसत होती. एक… दुसरी… तिसरी.

"सांग," ती म्हणाली, "बहिरा न्हवतो मी. मला सगळं ऐकू येत हुतं."